पावसाचा नकाशा आणि पाण्याचा हंडा

(रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या उद्बोधन वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



जगातील पर्जन्यमान आणि पिण्याच्या पाण्याची उपलब्धता हा विषय विद्यार्थ्यांना कसा शिकवावा, ह्यासंबंधी चार शब्द बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, ह्याबद्दल मी आपला आभारी आहे. मी भूगोलाचा अभ्यासक नाही. कला शाखेची पदवी घेऊन शासनाच्या माहिती खात्यात आलो आणि गेली अनेक वर्षे योजनांची माहिती लोकांपर्यंत व लोकांची गाऱ्हाणी कार्यालयापर्यंत पोहोचविण्याचे काम करीत आलो. ह्या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका मुलीच्या प्रश्नामुळे, आणि म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात पेण तालुक्याच्या खारेपाटातील एका शाळेत जाण्याचा योग आला. सातवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. भिंतीवर महाराष्ट्राच्या पर्जन्याचा नकाशा टांगलेला होता आणि त्यात कोकणची पट्टी सर्वांत गडद रंगात दाखविलेली होती. "सर्वांत जास्त पाऊस कोठे पडतो?" असे गुरुजींनी विचारताच सर्व वर्गाने एका सुरात "कोकणात" असे उत्तर दिले. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मग आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर का येतो?"

गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तो प्रश्न वेगळा आहे." ह्यात त्यांचा दोष होता असे मी म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकात पाऊस एका प्रकरणात आणि पाणीपुरवठा दुसऱ्या प्रकरणात असतो. मीही तेथेच बसलो होतो आणि मलाही त्या मुलीला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र मी ह्या विषयाचे वाचन सुरू केले. तो प्रश्न वेगळा नाही, किंबहुना संपूर्ण विषयाचा गाभा त्या एका प्रश्नात आहे, असे आता माझे मत झाले आहे. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

जगाच्या पावसाचे वाटप

पृथ्वीवर पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही, हे आपण सर्व जाणतोच. विषुववृत्ताजवळ सूर्याच्या उष्णतेने हवा तापून वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचा पाऊस होतो. त्यामुळे काँगो आणि ॲमेझॉन ह्या नद्यांच्या खोऱ्यांत घनदाट अरण्ये आहेत. वर चढलेली हीच हवा पुढे सुमारे तीस अंश अक्षांशांच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते. सहारा, अरबस्तान आणि ऑस्ट्रेलियाची वाळवंटे साधारणपणे त्याच पट्ट्यांत का आहेत, हे त्यावरून समजते. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या किनाऱ्यावरील आरिका हे गाव समुद्राला लागून असूनही तेथे वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. शेजारून वाहणारा सागराचा थंड प्रवाह हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. उलट मेघालयातील मौसिनराम येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, कारण बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्पयुक्त वारे तेथील डोंगरांवर एकदम वर चढतात.

हीच क्रिया आपल्या दारातही घडते. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या माथेरानच्या डोंगरावर तो त्याच्या दुपटीच्या घरात जातो. सह्याद्री ओलांडून फलटण-बारामतीकडे गेले की तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. जगाच्या पर्जन्याचा अभ्यास शिकविण्यासाठी जगभर हिंडण्याची गरज नाही. किनारा, घाटमाथा आणि घाटापलीकडचा दुष्काळी मुलूख ही तिन्ही उदाहरणे एका दिवसाच्या एस. टी. प्रवासात विद्यार्थ्यांना दाखविता येतील.

परंतु वर्षाचा एकूण आकडा सांगून हा पाठ पुरा होत नाही. पाऊस किती दिवसांत पडतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. लंडन शहरात वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे अलिबागच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. तथापि तो बाराही महिन्यांत, दर महिन्याला चाळीस-पन्नास मिलिमीटर अशा हप्त्याने येतो. आपल्याकडे वर्षाच्या पावसाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो आणि त्यातही तो मोजक्या मुसळधार दिवसांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लंडनला दीड वर्षात मिळणारे पाणी त्या एका दिवसात आले आणि बहुतांशी समुद्रात गेले. त्याच अतिवृष्टीत आपल्या महाड तालुक्यात दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली, हे आपण विसरलेलो नाही.

दोन नकाशे, एक तुलना

शिक्षकबंधूंना माझी पहिली सूचना अशी की वर्गात पावसाच्या नकाशाशेजारी दुसरा एक नकाशा टांगावा. कोणत्या देशात किती लोकांना पिण्याचे सुरक्षित पाणी मिळते, हे त्या दुसऱ्या नकाशात दाखविलेले असावे. मग विद्यार्थ्यांना दोन्ही नकाशे ताडून पाहण्यास सांगावे. जेथे पाऊस जास्त तेथे पाणी मुबलक असणार, असा त्यांचा स्वाभाविक समज असेल. तो समज टिकत नाही, हे त्यांना स्वतःलाच दिसून येईल.

कुवेत देशात वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे कायम वाहणारी एकही नदी नाही. तरीही तेथील जवळजवळ प्रत्येक घरात नळाचे पाणी आहे, कारण समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने उभारण्याइतका पैसा त्या देशाजवळ आहे. उलट पापुआ न्यू गिनी हा देश जगातील सर्वाधिक पावसाच्या देशांपैकी एक असून तेथील सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर आहे. पण जवळपास निम्म्या लोकांना पिण्याच्या पाण्याची प्राथमिक सोयही नाही. काँगो नदीसारखी प्रचंड नदी ज्या देशातून वाहते, तेथील खेड्यांतही बहुसंख्य लोकांची हीच स्थिती आहे.

सिंगापूरचे उदाहरण आपल्याला विशेष उद्बोधक आहे. तेथे पाऊस सुमारे २,४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या किनाऱ्याइतकाच. बेट लहान, पाणी साठविण्यास जागा अपुरी, म्हणून शेजारच्या जोहोर राज्याकडून पाणी घेण्याचा करार १९६२ साली झाला. तो २०६१ साली संपणार आहे. पण तेवढ्यावर न थांबता सिंगापूरने शहरातील पावसाचे पाणी जलाशयांत वळविले, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणले आणि समुद्राचे पाणीही गोडे केले. आपल्या देशातील चेरापुंजी हे दुसरे उदाहरण. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ ह्या बारा महिन्यांत तेथे २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आजही जागतिक विक्रम मानला जातो. मात्र हिवाळ्यात त्याच चेरापुंजीतील बायाबापड्यांना पाण्यासाठी दूरवर जावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या संयुक्त अहवालानुसार २०२४ साली जगातील सुमारे २१० कोटी लोकांना, म्हणजे दर चार माणसांतील एकाला, घरात हवे तेव्हा मिळणारे सुरक्षित पिण्याचे पाणी उपलब्ध नव्हते. ज्यांच्या घरी पाणी येत नाही अशा दहांपैकी सात कुटुंबांत पाणी भरण्याचा भार स्त्रिया आणि मुली ह्यांच्यावरच असतो, हेही अशाच पाहणीतून स्पष्ट झाले आहे. पाऊस निसर्ग देतो. तो साठविणे, शुद्ध राखणे, घरापर्यंत आणणे आणि सर्वांना सारखा वाटणे ही कामे माणसांची आहेत. दोन नकाशांत जो फरक दिसतो तो ह्या चार कामांचा फरक आहे.

आपल्या किनाऱ्याची स्थिती

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. खारेपाटात टँकर का येतो?

पहिले कारण जमिनीच्या उताराचे. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र ह्यांमधील आपली पट्टी अरुंद आहे. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री ह्या आपल्या नद्या घाटात उगम पावतात आणि थोडक्याच अंतरात खाडीला मिळतात. घाटावर पडलेला पाऊस एक-दोन दिवसांत समुद्रात पोहोचतो. गोदावरी-कृष्णेप्रमाणे शेकडो कोस वाहून जमिनीला पाणी पाजण्यास ह्या नद्यांना अवकाशच मिळत नाही.

दुसरे कारण खडकाचे. आपल्या पायाखालचा काळा कातळ अग्निजन्य आहे. वाळूत किंवा गाळात जसे पाणी मुरते तसे ते अखंड कातळात मुरत नाही. भेगा आणि सांधे असतील तेवढ्यातच ते साठते. त्यामुळे ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखविते.

तिसरे कारण खाऱ्या पाण्याचे. पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटातील जमीन खाडीला बांध घालून मिळविलेली आहे. भरतीचे पाणी बांधाबाहेर थोपविले, तरी जमिनीखालचे पाणी खारेच राहते. उधाणात बांधाला खांड पडली तर शेतात आणि तळ्यातही खारे पाणी शिरते. अशा गावात बोअर कितीही खोल घेतली तरी गोडे पाणी लागेलच असे नाही. पुष्कळदा जितके खोल जावे तितके पाणी अधिक मचूळ लागते.

नागाव, चौल, रेवदंडा ह्या पुळणीवरील वाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि वजनाने हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. ह्याचा उलट अर्थही ध्यानात घ्यावा. उपसा करून विहिरीतील पाण्याची पातळी एक मीटर खाली नेली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू शकते. रहाटाने सावकाश पाणी काढणाऱ्या वाडीवाल्यांना हे गणित ठाऊक नव्हते. पण रहाटाच्या मंद गतीमुळे समतोल आपोआप सांभाळला जात होता. विजेचा पंप आल्यावर तो सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

चौथे कारण व्यवस्थेचे, आणि तेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. पेण तालुक्यातच भोगावती नदीवर हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील वाशी-शिर्की भागाच्या खारेपाटाने मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली. शहराला पाणी देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु धरण जवळ असणे आणि पाणी घरात येणे ह्यांच्यामध्ये जलवाहिनी, निधी, मंजुरी आणि पाठपुरावा अशा अनेक पायऱ्या असतात. ह्या पायऱ्या ज्या गावाला चढता येत नाहीत ते गाव धरणाच्या पायथ्याशीही तहानलेले राहते.

पूर्वजांची पाण्याची जाण

ह्याच किनाऱ्यावर पूर्वजांनी पाणी कसे राखले, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावे. मुरूडजवळचा जंजिरा किल्ला चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. तरी त्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गोडे पाणी आहे. रायगडावर गंगासागर तलाव आहे. राजपुरी खाडीजवळच्या कुडे येथील आणि उरण तालुक्यातील घारापुरीच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाळ्याचे चार महिने आणि कोरडे आठ महिने हा हिशेब त्या कारागिरांनी बांधकामाच्या आधी मांडलेला होता. शाळेची सहल किल्ल्यावर गेली की तोफ सर्वजण पाहतात. टाके पाहणारे थोडे. यापुढे सहलीत टाक्याजवळ दहा मिनिटे थांबावे आणि "येथे पाणी कोठून येत असेल?" एवढाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा, अशी माझी विनंती आहे.

महाडचा धडा

येथवर मी पाऊस, खडक, खाडी आणि धरण ह्यांविषयी बोललो. परंतु पाणी समोर असतानाही माणसाला ते पिता येत नाही, असेही घडते. ह्याचे जगातील एक ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. किनाऱ्यापासून थोडे आत, सावित्रीच्या काठी वसलेल्या महाडला पाऊस विपुल आहे, किंबहुना पुराचेच भय अधिक. त्या महाडच्या चवदार तळ्यात पाणी होते आणि ते तळे सार्वजनिक होते. तरीही अस्पृश्य मानलेल्या समाजाला त्याला हात लावण्याची मुभा नव्हती.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा श्री. सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेनंतर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या लोकांवर हल्ले झाले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय मार्च १९३७ मध्ये झाला. म्हणजे ओंजळभर पाण्याच्या हक्कावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास सत्याग्रहानंतर दहा वर्षे लागली.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे जुलै २०१० मध्ये मान्य केले. महाडच्या तळ्यावर तो विचार त्र्याऐंशी वर्षे आधी कृतीत आला होता. जागतिक जलदिन २२ मार्चला असतो आणि महाडचा स्मृतिदिन २० मार्चला. हे दोन दिवस शाळांनी एकाच पाठाचे दोन भाग मानून साजरे करावेत, असे मला वाटते. पहिल्या दिवशी पाणी कोणाला मिळते ह्याचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती आहे ह्याचा विचार व्हावा.

वर्गात काय करता येईल

ह्या सर्वांसाठी महागड्या साधनांची गरज नाही. काही सोपे उपक्रम सुचवितो.

पहिला उपक्रम पाऊस मोजण्याचा. सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी आणि मोजपट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. तो झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावा. हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता नोंद घेते. शाळेनेही शक्यतो तीच वेळ पाळावी. चार महिन्यांच्या नोंदी फलकावर लिहिल्या की "आपल्या गावाचा पाऊस" हा आकडा पुस्तकातून न येता मुलांच्या हातून तयार होतो.

दुसरा उपक्रम छपराच्या गणिताचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते, हे सूत्र प्रत्येक मुलाला पाठ असावे. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ८०,००० लिटर उरते. पाच माणसांच्या कुटुंबाला केवळ पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज दहा लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे ह्या १२० दिवसांसाठी ६,००० लिटर पाणी लागते. ते दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकीत मावते. हा हिशेब पाहून खारेपाटातील मुलांचे डोळे विस्फारतात, कारण त्यांच्या छपरावरून दर पावसाळ्यात अशा तेरा टाक्यांचे पाणी वाहून जाते. मात्र पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी आणि पाणी तपासूनच प्यावे, हेही सोबत शिकविणे आवश्यक आहे.

तिसरा उपक्रम विहिरीचा. कठडा असलेल्या विहिरीवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, गाठी मारलेला दोर सोडून दर महिन्याला पाण्याची पातळी मोजावी. जून ते मे असा आलेख काढला की कातळाचा स्वभाव मुलांना न सांगता कळतो.

चौथा उपक्रम पेल्यातला. पेल्यात रंगीत मिठाचे पाणी घ्यावे आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हळूच ओतावे. दोन थर स्पष्ट दिसतात. मग वरच्या थरातील पाणी पिचकारीने एकदा सावकाश आणि एकदा जोराने ओढावे. जोराने ओढताच खालचा रंग वर येतो. पंपाने विहीर खारी कशी होते, हे समजाविण्यास ह्याहून अधिक बोलावे लागत नाही.

पाचवा उपक्रम घरातील पाण्याच्या नोंदीचा. आठ दिवस प्रत्येक मुलाने घरी पाणी कोणी भरले, किती हंडे भरले, त्यात किती वेळ गेला, हे वहीत लिहावे. ही नोंद वर्गात वाचताना कोणा मुलाला ओशाळवाणे होणार नाही, ह्याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. नावे न घेता फक्त बेरीज मांडावी. ह्या बेरजेत मुलींच्या बाजूला किती तास पडतात, हे पाहिल्यावर हजेरीपटावरील काही गैरहजेऱ्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.

पंचायतीचे कर्तव्य

आता पंचायत सदस्यांसाठी थोडेसे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जी अकरावी अनुसूची जोडली, तीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत पिण्याचे पाणी हा विषय नावानिशी आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातील सुमारे १९ कोटी ग्रामीण कुटुंबांपैकी सव्वातीन कोटींच्या आसपास घरांत नळ होते. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. माणशी रोज ५५ लिटर हे ह्या योजनेचे प्रमाण आहे. काम मोठे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि नळ बसणे आणि नळाला बारा महिने पाणी येणे ह्यांतील अंतर आपण सर्व जाणतो. उद्भवच आटला तर नळ कोरडाच राहणार. म्हणून ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची पहिली काळजी उद्भवाची असली पाहिजे आणि दुसरी पाण्याच्या तपासणीची. ह्या योजनेत प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या महिलांना शाळेत बोलावून मुलांसमोर एकदा पाणी तपासून दाखविण्यास सांगावे.

आणखी एक अनुभव ताजा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या परिसरात धडकले. विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावांत दीर्घकाळ अंधार राहिला. वीज नसली की पंप बंद आणि पंप बंद की नळ बंद. त्या दिवसांत गावची जुनी विहीर किंवा पागोळीचे पाणी हाच आधार असतो. नळ आला म्हणून विहिरीत केरकचरा टाकणाऱ्या गावाने हे ध्यानात ठेवावे. जुना पाणवठा साफ राखणे हे मागासलेपण नसून शहाणपण आहे.

शाळेने जमविलेल्या पावसाच्या, विहिरीच्या आणि हंड्यांच्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात, अशी माझी शेवटची सूचना आहे. माझ्या कार्यालयाचा अनुभव असा की "आमच्याकडे पाणी नाही" असा मोघम अर्ज फायलीत पडून राहतो. "ह्या विहिरीची पातळी फेब्रुवारीत इतकी, एप्रिलमध्ये इतकी, आणि इतक्या घरांतील इतके तास पाण्यात जातात" असे तारीखवार मांडलेले निवेदन बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जाते. सातवीच्या वहीतील आकडे गावाच्या उपयोगी पडू शकतात, हे मुलांना दिसले तर भूगोल हा केवळ गुणांचा विषय राहणार नाही.

मित्रहो, त्या मुलीला मी पुन्हा भेटलो नाही. ती आता मोठी झाली असेल. आज तिच्या प्रश्नाचे उत्तर मला विचाराल तर मी असे सांगेन: "बाळ, नकाशात दाखविलेला पाऊस खरा आहे. पण तो चार महिन्यांत येतो, कातळावरून वाहून जातो, खाडीत मिसळतो आणि उरलेला कोणाला द्यावयाचा हे माणसे ठरवितात. ह्यांतील पहिल्या तीन गोष्टी समजून घेण्यासाठी तू शाळेत ये. चौथी सुधारण्यासाठी मोठी झाल्यावर ग्रामसभेत ये." हे उत्तर त्या दिवशी तिला मिळावयास हवे होते. आपल्या वर्गातील पुढच्या मुलीला ते मिळेल, असा विश्वास व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!